जुनी जीप (सीजे-३बी): पाट्याचे बुश आणि शॅकल, आट्याचे ठेवायचे की रबराचे करायचे?

पांदणरस्ता (हिंगणघाट)
मंडळी, महिंद्राची सीजे-३बी आहे. मधे कधीतरी डिझेल इंजिन बसवलेलं, चेसिस, ॲक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मात्र मूळचे, पाटे पावणेदोन इंच रुंदीचे. ताशी ४० च्या वर गेलं की स्टीअरिंग थरथरतं, गिट्टीच्या रस्त्यावर पुढून खडखड आवाज येतो आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. टायरॉड एंड नवे आहेत, किंगपिनला खेळ नाही, चाकं बॅलन्स केलेली. पुढच्या शॅकलला (पाट्याचं एक टोक चेसिसला झुलतं जोडणारा दुवा) टॉमी (उचकटायची लोखंडी दांडी) लावली की पाटा वर-खाली हलतो.

गावातले मिस्त्री म्हणतात, "रबराचे बुश ठोकून देतो, झंझट संपली." स्पेअरच्या दुकानात शॅकलच्या सांध्यात बसणाऱ्या ह्या बुशांबद्दल विचारलं "आट्याचे पाहिजे की रबराचे?" तिथंच अडलं. कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आत गाडी तयार करायची आहे. काय सामान लागेल, कोणत्या क्रमानं करायचं, चुकतं कुठं, नीट सांगा.

लोखंडी_घोडी
आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा, कारण दोन्ही प्रकारांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

शॅकल इंग्रजी यू अक्षरासारखा एकसंध लोखंडी असेल, त्याच्या दोन्ही पायांवर आटे असतील आणि बाहेरून सहा पैलूंचं डोकं असलेलं बुश आत फिरवलेलं असेल, त्या डोक्यात ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल, तर ते आट्याचे. जुन्या विलीज घराण्याच्या जीपला कारखान्यातून हेच येत होतं. दोन सपाट पट्ट्या, मधे दोन बोल्ट आणि पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) काळं रबर दिसत असेल तर रबराचे. पुढच्या काळातल्या जीपना हे आलं. सीजे-३बी ला दिसलं तर कोणीतरी मागाहून बदललंय असं समजा.

आट्याच्या बुशला ग्रीस हाच श्वास. ते कधीही गच्च आवळून ठेवायचं नाही, फिरायला जागा ठेवायची. रबराच्या बुशला ग्रीस म्हणजे विष, आणि त्याचा बोल्ट गच्चच आवळायचा, पण गाडी चाकांवर उभी असताना. गावोगावच्या अर्ध्या जीप बिघडतात त्या ह्या दोन नियमांची अदलाबदल झाल्यामुळे.

पांदणरस्ता
यू आकाराचाच आहे. निपल चारच दिसले, बाकी जागी माती.

वऱ्हाडी_जीप
मातीखाली निपल असतेच बाप्पा, खरडून पाय. सगळे मिळून १२ पाहिजे. चार पाटे, प्रत्येक शॅकलले दोन आट्याचे बुश म्हणजे आठ, आन् दुसऱ्या टोकाच्या पिन-बोल्टले एक-एक म्हणजे चार. आपली काळी माती निपलात सुकली का सिमेंटच होते. ग्रीसगन कितीही दाब, ग्रीस बाजूनं बाहेर, आत काईच नाई. निपल खोलून डिझेलमंधी टाकून ठेव, मंग बारीक तारेनं मोकळा कर. गोळी दबत नसन तर नवाच घे, तेवढ्यासाठी जीव कायले खातं.

आन् खेळ पाह्याच्या आधी ग्रीस मार. हे लोकं इसरतेत.

लोखंडी_घोडी
वऱ्हाडी भाऊंचा शेवटचा मुद्दा ठळक करून ठेवण्यासारखा आहे. आट्याच्या बुशमध्ये मुळातच थोडी मोकळीक असते. कोरडं असताना टॉमीने हलवलं की "बुश गेलं" असं वाटतं, ताजं ग्रीस भरलं की तोच खेळ जाणवेनासा होतो. म्हणून बारा निपल मोकळे करा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारा, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि मग टॉमी लावा. तरी टकटक होत असेल तर खोला.

खोलल्यावर शॅकलचे आटे डिझेलने धुऊन उन्हात धरा. चांगल्या आट्याचा माथा सपाट दिसतो. झिजलेल्याचा माथा सुरीसारखा धारदार झालेला असतो, आणि तोही एकाच बाजूला, जिकडून पाट्याचा भार येतो. असा शॅकल नवं बुश घालूनही सुटलेलाच राहणार. शॅकल आणि त्याची दोन्ही बुशं एकत्रच बदलायची.

लेथवाला_आर्वी
स्टीअरिंगच्या थरथरीबद्दल. ह्या जीपला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो आणि पिन मागे. खड्ड्याचा, गिट्टीचा धक्का बसला की ॲक्सल पुढे-मागे ढकलला जातो, ते थोपवणारी जागा म्हणजे मागची पिन आणि तिचं ब्राँझचं बुश. सगळे शॅकलकडे बघतात. पिन झिजलेली असेल तर ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि ब्रेक मारताना गाडी त्या बाजूला खेचते. तुमचं डावीकडे ओढणं तिथून असू शकतं. अर्थात आधी ब्रेकचे डाव्या-उजव्या चाकाचे लायनर आणि सिलिंडर बघून घ्या, नाहीतर बुश बदलून ओढणं तसंच राहील.

मोजायला सोपी रीत: सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करा, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर दोन्हीकडे सारख्याच जागेवरून ओळंबा सोडा, फरशीवर खडूनं खूण करा आणि दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. दोन्ही बाजूंत चार-पाच मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर पिन, सेंटर बोल्ट (पाट्यांची थप्पी मधोमध धरणारा) किंवा यू-बोल्ट (थप्पी ॲक्सलला बांधणारे) ह्यांपैकी काहीतरी सुटलंय.

कापूसकोंड्या
सेंटर बोल्ट! ओव्हरलोड गाडीचं पहिलं दुखणं. यू-बोल्ट ढिले राहिले की पाट्याच्या थप्पीवरचा सगळा आडवा ताण एका बारीक सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल पाट्यावर सरकतो. वरून बघून कळत नाही कारण बोल्टचं डोकं जागेवरच बसलेलं असतं. यू-बोल्ट काढले की दोन तुकडे हातात येतात.

पांदणरस्ता
ओळंबा सोडून पाहिलं. डावीकडे ९ मिमी कमी. ग्रीस मारल्यावर पुढच्या उजव्या शॅकलचा खेळ गेला, डाव्याचा तसाच. मागचे दोन्ही ठीक वाटतात.

लोखंडी_घोडी
मग पुढचे दोन्ही पाटे उतरवा. एकाच बाजूचं काम करू नका. मागचे ग्रीसवर चालू द्या.

पुढच्या दोन्ही बाजूंसाठी सामान: यू शॅकल २, आट्याचे बुश ४, शॅकलच्या मुळाशी बसणारे ग्रीस सील आणि त्यांच्या पत्र्याच्या रिंगा प्रत्येकी ४, पिन-बोल्ट २ नट आणि स्प्लिट पिनसह, ब्राँझचे बुश २, निपल ६, यू-बोल्ट ४ आणि त्यांचे नट ८, सेंटर बोल्ट २. यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, ताणलेला यू-बोल्ट आवळला तरी धरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संपूर्ण गाडीत आठ बुशांपैकी सहा सरळ आट्याचे आणि दोन उलट्या आट्याचे असतात. उलट्या आट्याच्या शॅकलच्या खालच्या पायावर घडीव लोखंडाचा छोटा उंचवटा असतो, बोटाला लागतो. दुकानातला संच हातात आला की तिथंच प्रत्येक बुश प्रत्येक पायावर हातानं फिरवून बघा. सगळे सरळ आट्याचेच निघाले तर परत करा. उलटं बुश कोणत्या चाकाला असायला हवं हे इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण इतक्या वर्षांत पाटे आणि शॅकल इकडचे तिकडे झालेले असतात. उंचवटा बघा आणि मगच पाना लावा. न बघता दोन फुटी पाइप चढवून उलटा आटा "सोडवायला" गेलं की शॅकलचा पाय तुटतो किंवा चेसिसच्या ब्रॅकेटचे आटे जातात, आणि ते ब्रॅकेट रिव्हेटने बसवलेलं आहे.

वऱ्हाडी_जीप
ब्रॅकेटचे आटे गेले का मंग रडत बसा लागते राजेहो. ते लेथवर चढत नाई.

पांदणरस्ता
खोलायचा क्रम सांगा. माझ्याकडे बॉटल जॅक दोन, ट्रॅक्टरचा एक, आणि लाकडी ठोकळे आहेत. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) नाहीत.

लोखंडी_घोडी
घोड्या आणा, मागून आणा, भाड्यानं आणा. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, ह्याला अपवाद नाही. आणि अंगणात काळी माती असेल तर तिथं काम करूच नका. वरून टणक दिसते, आदल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर जॅकचा पाया हळूहळू आत जातो आणि गाडी तिरपी होते. पक्की फरशी शोधा. उन्हाळ्यात डांबरी रस्ताही चालत नाही, दुपारी जॅक त्यात रुततो. नाइलाज असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली दोन इंच जाड, फूटभर रुंद सागवानी फळी घाला.

आदल्या संध्याकाळी सगळे नट-बोल्ट तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नुसतं डिझेलही चालतं, वेळ जास्त घेतं. सकाळी गाडी चाकांवर असतानाच यू-बोल्टचे नट अर्धा फेर ढिले करा. उचलल्यावर जोर लावाल तर गाडी घोडीवर डोलते.

मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, गिअर आणि हँडब्रेक. पुढून चेसिस उचलून पुढच्या पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटच्या जरा मागे दोन्ही बाजूंना घोडी लावा. चाकं काढा. आता दुसरा जॅक ॲक्सलखाली लावून इतकाच वर घ्या की पाट्यावरचा ताण जाईल, चेसिस घोडीवरून उठता कामा नये. शॉकॲब्सॉर्बरचं खालचं टोक सोडा. ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना बघा. ॲक्सल होजवर लोंबकळला की आतली नळी फाटते, वरून काही दिसत नाही आणि पुढे त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो. फोर व्हील जोडलेलं असेल तर पुढच्या प्रोपेलर शाफ्टवरही लक्ष ठेवा, ॲक्सल फार पुढे सरकला तर स्लिप जॉइंट निघून येतो.

एका वेळी एकच पाटा. दुसऱ्या बाजूचा जोडलेला राहिला तर ॲक्सल जागा सोडत नाही आणि परत बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात आपोआप येतं. दोन्ही एकदम काढले की ॲक्सल चाकाविना फिरतो आणि मग तो जागेवर आणायला चार माणसं लागतात.

यू-बोल्ट काढल्यावर पाटा आणि ॲक्सलच्या मधे लोखंडी पाचर आहे का बघा. असेल तर जाड बाजू कुठल्या दिशेला होती ते खडूनं लिहून ठेवा. ती कॅस्टरसाठी, म्हणजे किंगपिनच्या मागे झुकलेल्या कोनासाठी असते. ह्या गाडीला कॅस्टर ३ अंश लागतो. पाचर उलटी बसली की स्टीअरिंग सुटल्यासारखं होतं, आणि लोक परत बुशला दोष देतात.

लेथवाला_आर्वी
पिन-बोल्ट जाम असेल, असणारच. घणाने मारत सुटू नका, ब्रॅकेटचे कान उघडतात. पाट्याचा डोळा आणि ब्रॅकेट ह्यांच्या फटीतून हेक्सा ब्लेड घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. ब्लेड फ्रेमशिवाय, एका टोकाला कापड गुंडाळून. वेळ लागतो पण काही बिघडत नाही.

आणि गॅस वेल्डिंगची ज्योत पाट्याच्या डोळ्यावर लावू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाला तरी. पाट्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरतं. तो डोळा आज तुटणार नाही, दोन-तीन महिन्यांनी भरलेल्या गाडीत, वळणावर उघडेल. डोळा झिजून अंडाकृती झाला तर त्यावर वेल्डिंगचा थर देऊन भोक पाडणं हाही तोच मूर्खपणा. वरचा मुख्य पाटा नवा घ्या, बाकीची थप्पी तीच चालेल.

पांदणरस्ता
डोळा अंडाकृती आहे की नाही हे कसं ठरवायचं?

लेथवाला_आर्वी
जुनं बुश काढल्यावर आतला गंज एमरी पेपरने साफ करा. व्हर्निअरने उभं, आडवं आणि तिरपं अशी तीन मापं घ्या, तीही दोन्ही तोंडांशी. मापांत ०.२ मिमीच्या आत फरक असेल तर बुश थोडं मोठं करून चालवता येतं. त्यापेक्षा जास्त असेल तर पाटा बदला.

ब्राँझचं बुश तयार मिळालं नाही तर बनवून घ्या. धातू गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ. पिवळं पितळ नको, स्वस्त असतं, लेथवाल्याला कापायलाही सोपं, पण लवकर झिजतं. बाहेरचं माप डोळ्याच्या मापापेक्षा ०.०५ ते ०.०८ मिमी मोठं ठेवायला सांगा, म्हणजे दाबून घट्ट बसेल. लांबी पाट्याच्या रुंदीइतकी, ४४.५ मिमी, किंचित कमी चालेल, जास्त नको. आतलं भोक पिनपेक्षा थोडं लहान ठेवायचं. बुश दाबलं की ते आत आवळतं, म्हणून अंतिम माप बसवल्यानंतर रीमरने करायचं. रीम झाल्यावर पिन हातानं जोर न लावता आत गेली पाहिजे, पण आत हलली नाही पाहिजे. ०.०५ ते ०.१ मिमी मोकळीक पुरे. आधीच पूर्ण माप कापून बसवलेलं बुश बसवल्यावर पिन घेत नाही, मग पिनला एमरी मारत बसतात. तिथंच नव्या पिनचं आयुष्य निम्मं.

आत ग्रीस पसरायला एक तिरपी खाच कापायला सांगा. खाच दोन्ही तोंडांपर्यंत नेऊ नका, तीन-चार मिमी आधी थांबवा, नाहीतर ग्रीस सरळ बाहेर.

दाबायला प्रेस नसेल तर बेंच व्हाइस चालतो. नाहीतर जाड स्टड, दोन नट, दोन जाड वायसर आणि एका बाजूला पाइपचा तुकडा. नट फिरवला की बुश ओढलं जातं. हातोडीनं ठोकाल तर बुशची कड पसरते आणि ते तिरपं बसतं.

कापूसकोंड्या
बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर जरा सोपं जातं. घरच्या मंडळींना सांगून ठेवा, कुल्फीच्या शेजारी लोखंड दिसलं की प्रश्न येतात.

पांदणरस्ता
आट्याचे बुश आवळण्याबद्दल सांगा. "गच्च नाही" म्हणजे नेमकं किती?

लोखंडी_घोडी
नेमकं आहे. शॅकल, सील आणि रिंग चढवून ब्रॅकेटमधून आणि पाट्याच्या डोळ्यातून घाला, आतून चेसिसला घट्ट दाबून धरा. बुशांची सहा पैलूंची डोकी चेसिसच्या बाहेरच्या बाजूला येतात. आधी वरचं बुश, ब्रॅकेटमधलं, हातानं फिरवायला सुरुवात करा. आटे आडवे पकडत नाहीत ना ते इथंच कळतं. पहिले तीन-चार फेर बोटांनी गेले पाहिजेत, पाना लागला तर मागे घ्या. ते अर्धं आत गेलं की खालचं, पाट्याच्या डोळ्यातलं सुरू करा. मग आलटून-पालटून दोन्ही आत घ्या.

वरचं बुश ब्रॅकेटला टेकेपर्यंत बसवायचं. खालचं नाही! त्याचं डोकं आणि पाट्याचा डोळा ह्यात १/३२ इंच, म्हणजे साधारण ०.८ मिमी फट राहिली पाहिजे. फीलर गेज नसेल तर हाताच्या हेक्सा ब्लेडची जाडी ०.६५ मिमीच्या आसपास असते, ते त्या फटीत सैल गेलं पाहिजे. ही फट संपली की डोकं पाट्याला चिकटतं, शॅकल फिरायच्या ऐवजी पाट्याला पिळतं आणि मुख्य पाटा डोळ्याच्या मुळाशी तुटतो. "नवीन बुश घातले आणि महिन्यात पाटा तुटला" ह्या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

शेवटी शॅकल हातानं पुढे-मागे झुलवून बघा. जड चालेल, पण चाललं पाहिजे.

ब्राँझच्या बुशातल्या पिनलाही तोच न्याय. नट पूर्ण आवळा, मग स्प्लिट पिनच्या एक-दोन खाचा मागे घ्या आणि स्प्लिट पिन घाला. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत घालू नका.

नागझिरा_डायरी
इतकं सगळं करण्यापेक्षा रबराचे शॅकल का नाही करत? ग्रीस नको, आवाज नाही. मिस्त्री चूक सांगत नाही आहे.

लोखंडी_घोडी
पूर्ण चूक नाही. पण "ठोकून देतो" मध्ये फसवणूक आहे. मूळ ब्रॅकेटच्या भोकाला आटे आहेत. त्यात रबर सरळ ठोकलं की आट्यांच्या कडा रबर आतून कापतात, पावसाळा संपेपर्यंत चुरा. नीट करायचं तर ब्रॅकेट गुळगुळीत बोर करून स्टीलची नळी बसवावी लागते, पाट्याचा डोळा बुशच्या मापाचा हवा आणि पट्टीचे शॅकल मूळच्याच लांबीचे हवेत. लांबी बदलली की गाडीची पुढची उंची आणि कॅस्टर दोन्ही बदलतात. ब्रॅकेटचे आटे आधीच गेले असतील तर हा मार्ग शहाणपणाचा. चांगले असतील तर नाही.

माझं मत सरळ आहे: ग्रीसगन हातात घेणारा मालक असेल तर आट्याचेच ठेवा. गाडी भाड्यानं, ड्रायव्हरच्या हातात चालत असेल तर रबर करा, कारण ग्रीस कोणी मारणार नाही.

वऱ्हाडी_जीप
पांदणीत एक चाक वर एक चाक खाली असं चालते न गाडी, तवा आट्याचं मोकळं फिरते. रबर पिळल्या जाते. शेताची गाडी असन तर आट्याचंच बरं.

नागझिरा_डायरी
माझी एमएम-५४० (महिंद्राचीच नंतरची जीप) आहे, तिला रबरच आहे. तिच्यासाठी दोन ओळी लिहा मग.

लोखंडी_घोडी
जुनं रबर जाळून काढू नका, कारण वर लेथवाल्या दादांनी सांगितलंच. ड्रिलने रबराला आजूबाजूनं भोकं पाडा, आतली नळी उपसून निघते. बाहेरची नळी डोळ्याला चिकटून राहते, तिला हेक्सा ब्लेडने आतून लांबीभर एक चीर द्या, पण चीर पाट्यात जाऊ देऊ नका. मग बारीक छिन्नीनं कड आत वळवली की सैल होते.

नवं बसवताना साबणाचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल काही नाही, खनिज तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. दाबताना जोर बाहेरच्या नळीवर यायला हवा, म्हणून बाहेरच्या नळीच्या मापाची गोटी किंवा पाइप वापरा. आतल्या नळीवर दाब दिला तर रबर बसण्याआधीच सुटतं.

आणि बोल्ट हातानं लावून गाडी खाली उतरवा, पुढून-मागून चार-पाच वेळा दाबून हलवा, थोडी पुढे-मागे ढकला, मग आवळा. बोल्ट आवळला की आतली नळी पट्ट्यांमध्ये पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. पाटे लोंबत असताना आवळलं तर गाडी उतरवली तेव्हाच रबर पिळलेलं असतं, वरून प्रत्येक खड्डा. थोड्याच दिवसांत फाटतं.

कापूसकोंड्या
पॉलीयुरेथेन?

लोखंडी_घोडी
कडक असतं, रस्त्यावर स्टीअरिंग छान वाटतं. आतली नळी त्यात फिरते, चिकटलेली नसते, म्हणून बसवताना सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते संपलं की चिमणीसारखं किचकिचतं. पांदणीच्या गाडीला मी लावणार नाही.

कापूसकोंड्या
आणि नायलॉनचे? लेथवाले सर्रास करून देतात.

लेथवाला_आर्वी
देतो, कारण लोक मागतात. नायलॉन पाणी शोषून फुगतं. कोरड्यात मापात बसवलेलं बुश भर पावसात पिन धरून बसतं, उन्हाळ्यात परत सैल. ट्रॉलीला चालून जातं. जीपच्या पुढच्या ॲक्सलला नको. टायरचं रबर कापून केलेलं तर बघूच नका, आतले दोरे सुटले की थर वेगळे होतात.

साखरखेर्डा_अँबेसिडर
विषय सुरू आहे तर विचारतो. अँबेसिडरचे पुढचे बुश ह्याच पद्धतीनं?

लोखंडी_घोडी
मागच्या पाट्यांना रबराचे वरचे सगळे नियम लागू. पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहे. गाडीच्या लांबीत धावणारा पिळलेला दांडा असतो तो, आणि खालचा आर्म त्याच्याशी जोडलेला. दांड्याचा ताण उतरवल्याशिवाय खालच्या आर्मचा बोल्ट काढला तर आर्म जोरात सुटतो, हात गेला म्हणून समजा. बसवण्याआधी आर्म आणि दांड्याच्या खाचांवर जुळती खूण केली नाही तर उंचीही चुकते. वेगळा धागा काढा, इथं गुंतवू नका.

पांदणरस्ता
पाटा उतरवला. कापूसकोंड्या भाऊ बरोबर निघाले, डावा सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत. पिनचं बुश एका बाजूनं कागदासारखं पातळ. डोळ्याची मापं सगळीकडे ०.१ च्या आत. डाव्या शॅकलच्या खालच्या पायावर उंचवटा आहे, म्हणजे उलटा आटा.

लेथवाला_आर्वी
मग पाटा वाचला. सेंटर बोल्ट लावताना थप्पी व्हाइसमध्ये आवळून घ्या. बोल्टनेच पाटे ओढून जवळ आणाल तर त्याचे आटे ताणले जातात. थप्पी खुली आहेच तर पाटे घासा, कडा जिथं दुसऱ्या पाट्याला खातायत तिथं ग्राइंडरने हलकी गोलाई द्या. ॲक्सलवर सेंटर बोल्टच्या डोक्याचं भोकही मोठं झालं असेल, तपासा. मोठं झालं असेल तर बोल्टच्या डोक्यावर कडं टर्न करून बसवता येतं.

लोखंडी_घोडी
यू-बोल्टचे चार नट कर्णावर, म्हणजे समोरासमोरचे तिरपे, टप्प्याटप्प्यानं. अखेरचा आवळ ५० ते ५५ फूट-पाउंड, साधारण ७ किलोग्रॅम-मीटर. त्यावर पाइप चढवून "अजून थोडं" करू नका. शेवटचा आवळ गाडी चाकांवर आल्यावर. ५०० किलोमीटरनंतर परत तपासा, पाट्याची थप्पी बसते आणि नट हमखास थोडे घेतात.

मग ओळंबा परत सोडा. दोन्ही बाजू जुळल्या की टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं) करून घ्या, ३/६४ ते ३/३२ इंच. आधी टो-इन आणि मग बुश असा उलटा क्रम करू नका, पैसे वाया.

पांदणरस्ता
ग्रीस कोणतं आणि किती दिवसांनी?

वऱ्हाडी_जीप
साधं चेसिस ग्रीस, दोन नंबर, लिथियमचं. दर दीड हजार किलोमीटरले. पण पान्यातून, गाऱ्यातून निघाली का किलोमीटर मोजू नोको, त्याच दिवशी मार. बाजूनं चांगलं ग्रीस दिसेस्तोवर मार, त्यानं पानी आन् माती बाहेर ढकलल्या जाते. मारल्यावर बाहेरचं पुसून टाक, नाई तं धूळ चिकटून सील खाते. एखाद्या बुशातून ग्रीस निघतच नसन तर गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळू दे, भार उतरला का वाट मोकळी होते.

लेथवाला_आर्वी
पांदणरस्ता भाऊ, जुना उलट्या आट्याचा शॅकल भंगारात देऊ नका. खालच्या पायाचे आटे चांगले असतील तर नमुन्याला लागतो, उलट्या आट्याचा टॅप जुळवायला. आर्वीकडे येणं झालं तर बुशासकट घेऊन या.

पांदणरस्ता
ठेवलाय बाजूला. सोमवारच्या बाजाराला येतो तेव्हा आणतो, ब्राँझच्या बुशचं मापही सोबतच देतो.